थांबू शकणारे दुखणे

२०२० च्या मार्चमध्ये जगभरच्या रुग्णालयांनी आपल्या कामाची दोन भागांत वाटणी केली. तातडीचे ते चालू ठेवायचे, बाकीचे पुढे ढकलायचे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने १७ मार्चला सगळ्या रुग्णालयांना पत्र पाठवले आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया उशिरात उशिरा १५ एप्रिलपासून, निदान तीन महिने थांबवायला सांगितल्या. भारतात २५ मार्चला टाळेबंदी लागली. मुंबईत नायरसारखे मोठे रुग्णालय एप्रिलमध्ये करोनासाठी राखून ठेवले गेले. या वाटणीत कुणावर अन्याय होतो आहे यावर पुष्कळ वाद झाले, पण एका शाखेबद्दल फारसे कुणी बोलले नाही. कंबरेतून पायात उतरणारी कळ, चेहऱ्याच्या नसेत अचानक उठणारी सणक, नागीण सुकून गेल्यावरही मागे राहिलेली आग, झिजलेले गुडघे नि खुबे, संधिवात, कर्करोगाचा ठणका अशा चिवट दुखण्यांवर इलाज करणारी पेन क्लिनिके बहुतेक ठिकाणी पहिल्या काही दिवसांतच बंद झाली. तारीख रद्द, नवी तारीख कळवू, एवढाच निरोप रुग्णांना मिळाला. याचा दोष महासाथीला दिला जातो आणि तो वरवर बरोबरही आहे. पण या शाखेचा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर हा निर्णय २०२० मध्ये कुणाला नव्याने घ्यावा लागलाच नाही, असे दिसते. ज्या डॉक्टरच्या उरलेल्या वेळात ही शाखा जन्मली, त्याच डॉक्टरवर फार पूर्वी दुसऱ्या एका साथीने पहिला हक्क सांगून ठेवला होता. तो डॉक्टर म्हणजे भूलतज्ज्ञ.

ती साथ कोपनहेगनची. १९५२ च्या उन्हाळ्यात त्या शहरात पोलिओ असा पसरला की ब्लेगडॅम या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात ऐन भरात दिवसाला पन्नासेक रुग्ण दाखल होऊ लागले. त्यांतल्या कित्येकांचे श्वासाचे नि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असत. रुग्णाला आत झोपवून बाहेरून छाती ओढणारी लोखंडी टाकी रुग्णालयाकडे एकच होती आणि छातीवर बांधायची साधने सहा. पहिल्या तीन आठवड्यांत अशा यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. हतबल झालेले विभागप्रमुख लासेन यांनी ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांना सल्ल्यासाठी बोलावले. तोवर भूलतज्ज्ञाची हद्द ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी संपत असे. वॉर्डातल्या रुग्णाशी त्याचा संबंध नसे. इब्सेन म्हणाले की थिएटरमध्ये आपण रोज जे करतो तेच इथे करू. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा सोडायची. २७ ऑगस्टला एका १२ वर्षांच्या मुलीवर हा प्रयोग झाला. ती निळी पडत चालली होती. पिशवी लावल्यावर तिचा रंग परत आला. मग पिशव्या दाबायला माणसे हवी होती. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्महिने रुग्णांच्या उशाशी बसले आणि रात्रंदिवस हाताने श्वास देत राहिले. शंभरातले ऐंशीहून अधिक जिथे मरत होते तिथे मृत्यूचे प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनच्या महापालिका रुग्णालयात अशा रुग्णांसाठी कायमचा विभाग उघडला, आणि आज ज्याला आपण आयसीयू म्हणतो त्याची सुरुवात तिथे झाली असे मानले जाते. म्हणजे भूलतज्ज्ञ थिएटरच्या बाहेर पडला तो साथीच्या हाकेला ओ देऊन. त्या दिवसापासून श्वास बंद पडणाऱ्या माणसाला वाचवणे हे त्याचे दुसरे काम झाले.

तिसरे काम, जुनाट वेदनेवर इलाज करण्याचे, जवळपास त्याच वर्षांत आकाराला आले. न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात भूलतज्ज्ञ रोव्हनस्टाइन यांनी १९३६ मध्येच नसा बधिर करून वेदना थांबवण्याचा दवाखाना काढला होता. पण या शाखेला तिचे रूप दिले ते जॉन बोनिका यांनी. सिसिलीजवळच्या फिलिकुदी बेटावर जन्मलेला हा मुलगा अमेरिकेत वाढला आणि कुस्त्या खेळून त्या पैशांवर त्याने वैद्यकीय शिक्षण पुरे केले. १९४४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मॅडिगन या लष्करी रुग्णालयात त्यांच्याकडे भूल विभाग आला, आणि प्रशांत महासागरातल्या लढायांतून परतलेले हजारो जखमी त्यांच्या हाताखालून गेले. जखमा भरल्या तरी कित्येकांची वेदना जात नव्हती. कापून टाकलेला पाय दुखत होता, छर्रा काढलेली नस पेटत होती. हा रुग्ण हाडाच्या डॉक्टरने मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवावा, त्याने मनोविकारतज्ज्ञाकडे, आणि प्रत्येकाने आपल्या भागात काही दिसत नाही म्हणून परत लावावा, हे बोनिका यांनी पाहिले आणि या सगळ्यांना एकाच टेबलाशी बसवायला सुरुवात केली. युद्धानंतर टॅकोमात आणि १९६० पासून सिअॅटलच्या विद्यापीठात त्यांनी हीच पद्धत रुजवली. भूलतज्ज्ञ, मेंदू-मज्जासंस्थेचा शल्यविशारद, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ सगळे एकाच रुग्णाकडे एका वेळी पाहणार. त्यांचा वेदनाव्यवस्थापनावरचा प्रचंड ग्रंथ १९५३ मध्ये, म्हणजे इब्सेन यांचा विभाग उघडला त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच कमी-जास्त होतो हे मांडले आणि बोनिकांच्या अनुभवाला शास्त्राचा आधार मिळाला. १९७३ मध्ये बोनिकांच्याच पुढाकाराने वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

या यशात एक उणीव राहून गेली. पेन क्लिनिक भूलतज्ज्ञाने काढले, भूल विभागाने पोसले, आणि बहुतेक देशांत ते त्याच विभागाच्या पंखाखाली राहिले. ब्रिटनमध्ये वेदनावैद्यकाची स्वतंत्र फॅकल्टी व्हायला २००७ साल उजाडले आणि तीही भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजातच. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांतही चित्र हेच. भूलतज्ज्ञाचा दिवस थिएटरच्या यादीने भरलेला, आयसीयूची पाळी वेगळी, आणि आठवड्यातले एक-दोन वार पेन ओपीडीला. त्या वारी तो बसतो, बाकीच्या दिवशी त्याच खोलीत दुसरी ओपीडी चालते. इंजेक्शन द्यायचे तर सी-आर्म हे क्ष-किरण यंत्र लागते, म्हणजे थिएटरची वेळ मागून घ्यावी लागते. मणक्याच्या शस्त्रक्रियेची यादी लांबली की इंजेक्शनवाला रुग्ण दुपारपर्यंत उपाशी बसून घरी जातो. महासाथ यायच्या आधीपासून ही रोजची रीत होती. या शाखेला स्वतःची माणसे, स्वतःची खोली आणि स्वतःची खाट क्वचितच मिळाली. जे होते ते मागून आणलेले होते, आणि मागून आणलेले परत मागितले जातेच.

२०२० मध्ये ते मागितले गेले. करोनाच्या गंभीर रुग्णाला हवा होता तो नळी घालणारा, व्हेंटिलेटर लावणारा, गुंगीचे औषध मोजून देणारा हात, म्हणजे भूलतज्ज्ञच. थिएटरे आणि रिकव्हरी खोल्या आयसीयू झाल्या, पेन क्लिनिकच्या परिचारिका वॉर्डांत गेल्या, फिजिओथेरपिस्ट रुग्णांना पालथे झोपवायला आणि छातीचे व्यायाम करून घ्यायला लागले. एप्रिलमध्येच आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने वेदनारुग्णांसाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या : तातडीची नसलेली इंजेक्शने थांबवा, स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबू शकते म्हणून जपून वापरा, भेटी फोनवर किंवा व्हिडिओवर घ्या. अपवाद मोजके होते. ज्यांच्या पोटाच्या कातडीखाली औषधाचा पंप बसवलेला असतो आणि जो ठरावीक मुदतीत भरावाच लागतो, नाहीतर औषध अचानक तुटून जीवावर बेतते, अशा रुग्णाला बोलवायचे. वेदनाशास्त्राच्या नामवंत अभ्यासकांनी त्याच सुमारास लिहिले की चिवट वेदनेचा इलाज तातडीचा समजला जात नसल्यामुळे या सेवा बंद पडत आहेत आणि दूरस्थ सेवा घाईने उभ्या कराव्या लागत आहेत. त्यांच्या लिखाणात चिंता आहे, पण आश्चर्य नाही. आपल्या शाखेची पायरी त्यांना माहीत होती.

थांबवून ठेवल्याची किंमत काय झाली, याचे सर्वांत स्पष्ट आकडे खुबा आणि गुडघा बदलण्यासाठी थांबलेल्या माणसांचे आहेत, कारण शस्त्रक्रियेची यादी असते आणि यादीतली माणसे मोजता येतात. इंग्लंडमध्ये ठरलेल्या उपचारासाठी वर्षाहून अधिक काळ थांबलेले रुग्ण २०२० च्या फेब्रुवारीत सुमारे १,६०० होते. २०२१ च्या मार्चमध्ये ते ४ लाख ३६ हजारांच्या घरात गेले, आणि त्यांत हाडांच्या शस्त्रक्रियांचा वाटा सगळ्यांत मोठा होता. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात अशा थांबलेल्या रुग्णांना त्यांच्या जगण्याबद्दल ठरावीक प्रश्न विचारले गेले. चालता येते का, स्वतःचे कपडे घालता येतात का, दुखते किती, मन खचले आहे का. उत्तरांवरून जो गुणांक काढतात त्यात शून्य म्हणजे मरणाइतकी वाईट अवस्था आणि शून्याखाली म्हणजे त्याहून वाईट. खुब्यासाठी थांबलेल्यांपैकी ३५ टक्के आणि गुडघ्यासाठी थांबलेल्यांपैकी २२ टक्के माणसे शून्याखाली निघाली. साथीपूर्वीच्या प्रमाणाच्या हे जवळपास दुप्पट होते. ही माणसे मेली नाहीत, म्हणून साथीच्या रोजच्या आकड्यांत ती कधीच आली नाहीत. थांबू शकणारे दुखणे म्हणून ज्याची नोंद झाली, ते थांबणे कसले होते हे त्या शून्याखालच्या गुणांकावरून समजते.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की दुसरे करणार तरी काय होते. समोर माणूस गुदमरतो आहे आणि शेजारच्या खोलीत कुणाची कंबर दुखते आहे, तर डॉक्टरने कुठे जायचे याला दोन उत्तरे असू शकत नाहीत. हे मला मान्य आहे. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी वर्ग सोडून पिशव्या दाबल्या ते योग्यच केले आणि २०२० मध्ये भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटरपाशी गेले तेही योग्यच केले. कित्येकांनी त्यात प्राण गमावले. पण या उत्तराने फक्त भूलतज्ज्ञाची अनुपस्थिती समजते. बोनिकांच्या टेबलाभोवती बसलेले बाकीचे का उठले, ते समजत नाही. सिअॅटलमध्ये फोर्डाइस या मानसतज्ज्ञांनी साठच्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले होते की जुन्या वेदनेच्या रुग्णाला औषध कमी करत नेऊन, रोज थोडे अधिक चालायला लावून, कामावर परत आणता येते. या कामाला व्हेंटिलेटर चालवणारा हात लागत नाही. संधिवाताच्या गोळीचा डोस पाहणे, मज्जातंतूच्या दुखण्यावरचे औषध हळूहळू वाढवणे, मॉर्फिनची चिठ्ठी नूतन करणे, घाबरलेल्या रुग्णाला हालचाल सोडू नको म्हणून सांगणे, यालाही नाही. शाखा एका माणसाभोवती बांधलेली असल्यामुळे तो उठताच सगळा डाव उठला. शिवाय ऐन लाटेतले चार-सहा आठवडे आणि त्यानंतरचे वर्ष यांत फरक आहे. लाट ओसरल्यावर थिएटरे उघडली तेव्हा आधी कर्करोग, मग हृदय, मग इतर शस्त्रक्रिया असा क्रम लागला आणि वेदनेच्या इंजेक्शनची पाळी पुन्हा शेवटीच आली.

भारतात या गोष्टीला आणखी एक पदर आहे, तो अफूचा. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती मोठ्या अंशी याच अफू-कापसाच्या व्यापारातली होती, आणि त्या संपत्तीतल्या देणगीतून १८४५ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालय उभे राहिले. आजही नीमच, मंदसौर, चित्तोडगड या भागांत परवाना घेऊन अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. तरीही या देशातल्या माणसाला कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात मॉर्फिन मिळणे कठीण होऊन बसले, याचे कारण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. गैरवापर रोखण्यासाठी आलेल्या या कायद्यामुळे रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचे तर चार-पाच वेगवेगळे परवाने लागू लागले. ते वेगवेगळ्या खात्यांचे, आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती यायचा नाही. दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी ठेवणेच सोडले. १९८५ ते १९९७ या काळात देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला आणि अखेरीस वर्षाला अवघ्या १८ किलोंवर आला. डॉक्टरांच्या दोन पिढ्या मॉर्फिन न लिहिताच घडल्या. त्याच काळात, १९८६ मध्ये, टाटा रुग्णालयातले कर्करोग-शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना आश्रम सुरू केला. अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचे हे देशातले पहिले हॉस्पिस, आणि पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांचे जंजाळ कमी झाले, पण मॉर्फिन बहुतांशी मोठ्या शहरांतल्या मान्यताप्राप्त संस्थांतच मिळत राहिले. म्हणजे विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या गावाहून मुंबईत परळला किंवा नागपूरला येणे हाच औषधाचा मार्ग.

मॉर्फिनची साधी गोळी चार तासांनी घ्यायची असते. सकाळी सहा, दहा, दोन, सहा, रात्री दहा. झोपमोड होऊ नये म्हणून शेवटचा डोस दुप्पट देतात. सोबत बद्धकोष्ठासाठी रेचक, ते विसरून चालत नाही. गोळी घड्याळाप्रमाणे घेतली तर रुग्ण जेवतो, बोलतो, नातवंडांना जवळ घेतो. ती अचानक तुटली तर दोन गोष्टी एकदम होतात : दबलेला ठणका उसळून येतो आणि शरीर औषध मागू लागते, घाम फुटतो, जुलाब लागतात, जागेवर ठरता येत नाही. आता २०२० च्या मार्चचा शेवटचा आठवडा पाहा. २२ तारखेपासून प्रवासी रेल्वे बंद, लोकल बंद, एसटी बंद, जिल्ह्यांच्या सीमा बंद. दूरस्थ उपचारांचे देशातले पहिले नियम २५ मार्चला, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आले. डॉक्टरांना फोनवरून औषध लिहून देण्याची मोकळीक त्यांनी दिली आणि त्याबद्दल ते स्वागतार्हच होते. पण काही औषधे त्यांनी वर्ज्य ठरवली, आणि त्यांत अमली पदार्थांच्या कायद्याखालची सगळी औषधे होती. मॉर्फिनही. रुग्णाने यायचे नाही आणि डॉक्टरने फोनवर लिहायचे नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी समजण्यासारखे होते. कर्करोगाच्या रुग्णाला ते एकाच आठवड्यात भेटले. टाटा रुग्णालयाने आपले दरवाजे बंद न करण्याचा निर्णय घेतला, त्याची जगभर नोंद झाली, आणि जे पोचू शकले त्यांना उपचार मिळाले. न पोचलेल्यांचा अंदाज देशभरच्या ४१ कर्करोग केंद्रांच्या एकत्रित आकड्यांवरून येतो. २०१९ च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत नवे रुग्ण १ लाख १२ हजार आले होते, २०२० मध्ये सुमारे ५२ हजार. वेदनाशमनासाठी पॅलिएटिव्ह केअर विभागाकडे पाठवलेले रुग्ण १९,४७४ वरून १३,८९० वर आले. इतर बहुतेक सेवांहून ही घट कमी दिसते, पण नवा रुग्ण अर्धाच येत असताना जो विभाग मुळात वेदना शमवण्यासाठी आहे त्याच्यापर्यंत साडेपाच हजार माणसे कमी पोचली, असा त्याचा अर्थ.

इथे दुसरा आक्षेप येतो. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांबाबत ढिलाई केल्यावर काय होते हे अमेरिकेत दिसले नाही का? अमेरिकेने त्याच मार्चमध्ये प्रत्यक्ष न तपासताही अशी औषधे दूरस्थ पद्धतीने लिहायला परवानगी दिली, आणि एप्रिल २०२१ ला संपलेल्या वर्षभरात तिथे औषधांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे मेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण एकीतून दुसरी निघाली असे त्यातून सिद्ध होत नाही. त्या मृत्यूंमागे प्रामुख्याने बेकायदा बनवलेले फेंटानिल होते. कर्करोगाच्या दवाखान्याने लिहिलेल्या गोळ्या नव्हत्या. अमेरिकेने नव्वदच्या दशकापासून कंबरदुखीलाही या गोळ्या सढळ हाताने वाटल्या, ती चूक फार मोठी होती आणि भारताने ती करू नये हे बरोबरच. पण ज्या देशात वापर १८ किलोंवर आला होता त्या देशाचा प्रश्न उलटा आहे. जो रुग्ण मान्यताप्राप्त संस्थेत आधीच नोंदलेला आहे, ज्याचा डोस ठरलेला आहे, ज्याचा केसपेपर संस्थेत आहे, त्याची जुनी चिठ्ठी फोनवर नूतन करून औषध तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातून देण्याने गैरवापराला वाट मिळत नाही. एवढा अपवाद वर्ज्य औषधांच्या त्या यादीत करता आला असता. तो सुचला नाही, कारण यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर औषध पळवणारा होता, औषध संपलेला नव्हता.

औषधच हातातून जाण्याचा दुसरा प्रकार संधिवाताच्या रुग्णांनी सोसला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मूळचे हिवतापाचे औषध. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना हिवतापावर दिलेल्या मेपाक्रिनने काहींचे सांधे नि त्वचारोग सुधारलेले दिसले, आणि त्या धाग्यावरून या गटातली औषधे संधिवात व ल्युपसकडे वळली. २०२० च्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचा करोनावर उपयोग होईल असा बोलबाला झाला, आरोग्यसेवकांनी ते प्रतिबंधासाठी घ्यावे असा सल्ला आला, आणि लोकांनी दुकाने रिकामी केली. सरकारने निर्यातीवर निर्बंध घातले आणि विक्रीचे नियम कडक केले तोवर वर्षानुवर्षे हीच गोळी घेणारा रुग्ण दुकानोदुकानी फिरत होता. जूनमध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीने करोनाच्या दाखल रुग्णांना या औषधाचा फायदा होत नाही असे जाहीर केले. ज्यांना खरोखर गरज होती त्यांची पाळी औषध करोनावर निरुपयोगी ठरल्यावर आली.

आपल्याकडे साथीचा विचार ज्या चौकटीत होतो ती चौकटही जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्या वर्षी जेमतेम चार कलमांचा साथरोग कायदा आला. महाराष्ट्र सरकारने २०२० च्या मार्चमध्ये तोच लागू केला. बाधित, संशयित, प्रवासी, तपासणी, अटकाव ही त्या कायद्याची भाषा. आधीपासून आजारी असलेल्याचे साथीच्या काळात काय करायचे, याबद्दल त्यात काही नाही, आणि साथ जी दुखणी मागे ठेवून जाते त्यांबद्दलही नाही. महाराष्ट्राला हे नवे नव्हते. १९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. २००६ मध्ये तो परतला तेव्हा देशभर जवळपास १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. ताप आठवड्यात उतरला, पण अनेकांची मनगटे, घोटे, बोटे महिनोन्महिने धरलेली राहिली. ताप उतरताच साथ संपली अशी नोंद झाली आणि सांधे धरलेला शेतमजूर मलम लावत घरी राहिला. दुखण्याचा मुळातला पसारा केवढा आहे हेही राज्यात मोजलेले होते. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा पाठीचे दुखणे आढळले होते. एखाद्या गावात पाचातला जवळपास एक माणूस दुखण्यात असेल, तर रुग्णालये बंद ठेवण्याच्या आदेशात त्याचा उल्लेख यायला हवा होता.

तिसरा आक्षेप आशावादी आहे. फोन आणि व्हिडिओमुळे जे काम झाले ते पाहता ही सेवा बंद पडली असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही का? काही अंशी आहे. दर महिन्याला दोनशे किलोमीटर प्रवास करून पाच मिनिटे भेटणाऱ्या रुग्णाला फोन हा उपकारच होता. औषधाची मात्रा बसवणे, व्यायाम शिकवणे, धीर देणे हे पडद्यावरून बऱ्यापैकी होते, आणि साथ संपली तरी ते चालू राहावे. पण वेदनेची तपासणी हाताने होते. पाय किती उचलल्यावर कळ येते, कातडीला कापूस लागला तरी झोंबते का, पाठीच्या कोणत्या मणक्यावर दाबले की रुग्ण आखडतो, हे फोनवर विचारता येते, पाहता येत नाही. आणि फोनही ज्याच्याकडे आहे, ज्याला घरात एकटे बसून बोलता येते, त्याच्याच उपयोगाचा. एकाच खोलीत सहा जण असताना सासूसमोर सुनेने ओटीपोटाचे दुखणे कसे सांगावे?

रुग्णालयापर्यंत येऊ न शकणाऱ्या रुग्णाचे काय करायचे, या प्रश्नाला केरळने वेगळे उत्तर शोधले होते, महासाथीच्या पुष्कळ आधी. कोळीकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार हे दोघेही भूलतज्ज्ञच. १९९३ मध्ये त्यांनी तिथे वेदनाशमनाची संस्था काढली आणि लवकरच ओळखले की रुग्णालयातल्या खोलीत बसून खाटेला खिळलेल्या माणसापर्यंत पोचता येणार नाही. मलप्पुरममधून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले; २००८ मध्ये राज्याने पॅलिएटिव्ह केअरचे धोरण जाहीर केले आणि पंचायतींनी घरी जाणाऱ्या परिचारिका नेमल्या. भूलतज्ज्ञाने सुरू केलेले काम भूलतज्ज्ञावाचून चालेल अशी ही रचना होती. २०२० मध्ये तिथेही भेटी कमी कराव्या लागल्या, पण परिचारिका ओळखीच्या घरांत जात राहिल्या, स्वयंसेवकांनी औषधे पोचवली, लांबच्या रुग्णांसाठी अग्निशमन दलाच्या गाड्याही धावल्या. कोणत्या घरात कोण अंथरुणावर आहे याची यादी पंचायतीकडे आधीपासून होती, म्हणून टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात ती करत बसावी लागली नाही. या रचनेचीही मर्यादा आहे. कंबरेच्या नसेजवळ सी-आर्मखाली द्यायचे इंजेक्शन घरी नेता येत नाही, आणि त्यासाठी तारीख लागलेला रुग्ण केरळातही थिएटर उघडेपर्यंत थांबला.